झाडलेली खोली

रविवार, संध्याकाळ

पेनरोजच्या कारखान्यात माझ्यासोबत पॅकिंग करणारी यानी गावी चालली. गाव इंडोनेशियात, डोंगरावर. विमान, मग बस, मग कुणाच्या तरी मोटरसायकलवर मागे बसून चढ. म्हणाली, आमच्यात घर मुलींचं. माझी खोली आई अजून रोज झाडते.

"आणि भाऊ?"

"बायकोच्या घरी!" हसत सुटली.

मला कुठलं हसू! सकाळीच माझ्या भावाचा फोन. "ताई, बाबांच्या घराच्या हक्कसोडपत्रावर सही कर. माहेरची साडी आहेच की दरवर्षी." साडीत राहायला जाऊ का? इथे परदेशात पोराकडे मी हॉलमधल्या सोफ्यावर झोपते.

रोज झाडते म्हणे.

आत्ता भावाला फोन लावला. म्हटलं, "सही नाही करत. आधी माझ्यासाठी एक खोली झाडून ठेव."

त्याने फोन ठेवला नाही. मीही नाही.