यादीतलं दुसरं नाव

इन्व्हरनेस, ९ फेब्रुवारी २००५

ती. मर्डिनाताईस, सा. न. वि. वि.

बोट फार हलली, पण पोचले. तू नीट जेवतेस का? शेजारणींनी आणलेले केक कुत्र्याला घालू नकोस.

एक विचित्र गोष्ट घडली आहे. काल निवडणूक अधिकाऱ्यांचा फोन आला. टॉरकीलभाऊजी गेले आणि आपल्या संसदेतली त्यांची जागा रिकामी झाली, ती पक्षाच्या यादीतली असल्यामुळे पोटनिवडणूक नाही, यादीतल्या पुढच्या नावाला ती मिळते आणि ते नाव माझं आहे, असं म्हणाले. तयार असल्याचं लेखी कळवा म्हणाले. भाऊजींनी मला सही करायला लावली तेव्हा हसत म्हणाले होते की आपल्या पक्षाची इथे एकच जागा येते, तुझं नाव नुसतं शोभेला. मी वह्या तपासता तपासता सही करून टाकली.

मी नाही म्हणणार आहे. मला एकाही माणसानं मत दिलेलं नाही, आणि त्यांची माती अजून ओली आहे.

तुझी, एफी

बोर्गेवी, लुईस बेट, १४ फेब्रुवारी

चि. एफी, अ. उ. आ.

पत्र शनिवारी आलं. काल रविवार होता, म्हणून आज लिहिते. जेवते म्हणजे पोटात ढकलते. लोक येतात, प्रार्थना म्हणतात, जातात. मला काहीच वाटत नाही, रडूही येत नाही. पाद्रीबाबा म्हणाले, ही देवाची कृपा. मला तर हात बधिर झाल्यासारखं वाटतं.

मत कुणाला दिलं म्हणतेस? मतदानाच्या दुसऱ्या कागदावर लोक पक्षालाच मत देतात. टॉरकीललाही नावानं कुणी दिलं नव्हतं, आणि मी त्याला चिडवायची की तू मागच्या दारानं आलास. तो म्हणायचा, दार कुठलंही असो, आत काम तेच.

तू नाही म्हणालीस तर यादीतलं तिसरं नाव एल्गिनच्या त्या गृहस्थाचं आहे. आपल्या बेटावरच्यासारख्या चिमूटभर पोरांच्या शाळा चालवणं म्हणजे चैन, असं तो पेपरात बोलला. गावाला विचारल्याशिवाय शाळा बंद करायची नाही, हे टॉरकीलचं विधेयक. तो गेला, आता कुणी हातात घेतलं नाही तर तेही जाईल. आणि इथे लंडनकडे बोट दाखवायची सोय नाही. लढाया, पेन्शनी तिथल्या संसदेच्या. शाळा आपल्या संसदेच्या हातात आहेत.

तुला आग्रह करत नाही. करायला अंगात जोर नाही.

तुझी, मर्डिना

इन्व्हरनेस, १८ फेब्रुवारी

ती. ताईस, सा. न.

तू आग्रह केला असतास तर भांडले असते. न करून फसवलंस.

शाळेत पोरांना मी जाते आहे म्हणून सांगितलं. एकीनं विचारलं, मग आमची परीक्षा कोण घेणार. मुख्याध्यापक म्हणाले, जा, इथली जागा ठेवतो. त्यांच्या तोंडावरून मी फार दिवस टिकणार नाही असंच दिसत होतं.

मला भीती वाटते. त्यांच्या खुर्चीत बसले की लोक मला नाही, त्यांना शोधतील. तूसुद्धा. मी शपथ घेतली आणि तुला ते सोसलं नाही, तर मला स्पष्ट लिही. पत्र आज टाकते आहे, होकारही आजच.

तुझी, एफी

बोर्गेवी, ४ मार्च

चि. एफी, अ. उ. आ.

शपथ गेलिक रेडिओवर ऐकली. आधी इंग्रजीत, मग आपल्या भाषेत. एका शब्दाला अडखळलीस, तिथे आई असती तर चिमटा काढला असता. त्यांनी नाव पुकारलं तेव्हा मी टॉरकीलचंच ऐकायला बसले होते, हे खरं. तुझं आलं. सोसलं नाही, पण चालेल.

टॉरकीलची शवपेटी निघाली त्या दिवशी तू माझ्याजवळ खिडकीत होतीस. बाप्ये दोन रांगा करून निघाले, आपण बायका मागे राहिलो. पुढचा चार पावलं खांदा द्यायचा आणि बाजूला व्हायचा, मागचा न सांगता पुढे यायचा, आणि पेटी कुठेही खाली टेकली नाही. मी तेवढंच बघत होते. तो पेटीत आहे हे डोक्यात शिरतच नव्हतं.

रेडिओ बंद केला आणि एकदम भूक लागली. खारवलेला हेरिंग मासा उकडला, बटाटे उकडले आणि सगळे खाल्ले. खाता खाता रडले. पहिल्यांदाच.

आपल्यात बायका खांदा देत नाहीत. तू दिलास. विधेयक पुरं होईपर्यंत बाजूला होऊ नकोस.

लोभ आहेच, सुट्टी मिळाली की तो घ्यायला घरी ये.

तुझी, मर्डिना