मोनाची वाक्यं

मंगळवार, ७ जानेवारी २०२५

ऑपरेशन झालं. मोनाच्या घशातून निघालेली गाठ डॉक्टरांनी बाटलीत दाखवली — हरभऱ्याच्या डाळीएवढी! एवढ्याशा गोष्टीनं घर गप्प करून टाकलं. गाठ तपासायला पाठवली आहे. मोनानं आता बोलायचं नाही. कुजबुजायचंसुद्धा नाही, त्यानं उलट जास्त ताण पडतो म्हणे. किती दिवस? "देखते हैं." आवाज पूर्वीसारखा येईल? "देखते हैं."

२ फेब्रुवारीला आमच्या 'तौल' नाटकाचा प्रयोग आहे. त्याचं नाव आज कुणी काढलं नाही.

गुरुवार, ९ जानेवारी

"भाभीजी चुप हैं, मजे हैं तुम्हारे!" — ऑफिसात दिवसभर हेच. मीही हसलो. त्यांना काय माहीत, 'दालान' म्हणजे आमची चार माणसांची नाटक कंपनी त्या आवाजावरच उभी आहे. दिग्दर्शन तिचं, मुख्य काम तिचं, भांडणंसुद्धा तिनंच करायची. घरी आलो तर नुसता कुकर बोलत होता. मला काही मजा वाटत नाही.

मंगळवार, १४ जानेवारी

रिपोर्ट आला. साधी गाठ आहे, वाईट काही नाही. दवाखान्याच्या पायरीवर मी बसूनच घेतलं आणि रडलो. प्रियंका — मोनाची धाकटी बहीण, आमची ढोलकवाली — म्हणाली, "जिजाजी, उठा ना, लोक पाहून राहिले." पाहू देत.

संध्याकाळी शेजारच्या अनसूयाकाकू तिळगूळ घेऊन आल्या. "घ्या, गोड गोड बोला," म्हणाल्या आणि जीभ चावली. मोना हसली, आवाज न करता, पोट धरून. मग काकूही हसल्या. मोनाच्या वाटचं गोड मीच बोलून टाकलं. जाताना काकू ज्येष्ठमधाच्या काड्या ठेवून गेल्या. किती माणसं जपतात आपल्याला!

शुक्रवार, १७ जानेवारी

आज काहीतरी झालं. नीट लिहून ठेवतो.

प्रयोग रद्द करू, हे बोलायलाच जमलो होतो. जागा नेहमीचीच, राइट टाउनातला कोचिंग क्लासचा हॉल. ललित, आमच्या चौघांतला चौथा, म्हणाला, "दीदी बोलणार नाही, तर काहून करायचं? चलो, सांगून टाकू लोकांना." पण जमलोच आहोत तर एकदा सवयीची तालीम करू, असं ठरलं. नाटकात एक बाई आईची बांगडी विकायला सराफ्यात येते. ललित सोनार. त्याला उत्तर मिळावं म्हणून बाईची वाक्यं मी कोपऱ्यातल्या स्टुलावरून वाचत होतो.

मोना उठली आणि नाटकातल्या आपल्या जागा घेत चालायला लागली. बांगडी तिच्या हातात, शब्द माझ्या तोंडात. बाईचं बोलणं माझ्या या फाटक्या पुरुषी आवाजात! मला वाटलं, आता हशा पिकणार. कुणीच हसलं नाही. प्रियंकाचा हात ढोलकीवर तसाच राहिला. मोनानं बोट फिरवलं — पुन्हा.

रद्द करायची गोष्ट मग निघालीच नाही.

पण मी? मी इतकी वर्षं फक्त दिवे सांभाळले. दिवसा वीज कंपनीत, रविवारी नाटकात. आमच्या पहिल्या नाटकात मला एकच वाक्य होतं. ते मी विसरलो आणि ललितनं स्वतःच म्हणून टाकलं. तेव्हापासून दिव्यांपाशी बरा आहे असं मीच ठरवलं होतं.

रविवार, १९ जानेवारी

मुकी दिग्दर्शक बोलणाऱ्या दिग्दर्शकापेक्षा कडक असते. मांडीवर एक थाप — हळू. दोन थापा — पुन्हा. चप्पल अंगावर आली, तर वाक्य पोचलं नाही असं समजायचं. आज तिला घरी जायला चपला माझ्याकडून मागून घ्याव्या लागल्या.

रविवार, २६ जानेवारी

झेंडावंदनाला ऑफिसात माइक माझ्या हाती आला. साहेब म्हणाले, "अरे अश्वजीत, तुम बोलते भी हो?"

रविवार, २ फेब्रुवारी

चूक केली. भर प्रयोगात.

सोनार विचारतो, "बेचना है?" आणि बाई म्हणते, "नहीं." बस्, एवढं सोपं. माझ्या तोंडून निघालं, "तौल लीजिए." ललितनं तराजू पुढे केला, करणार तरी काय! मोनानं मूठ उघडली नाही. मी वाक्य पुन्हा म्हटलं, का म्हटलं ते मलाच कळलं नाही. तिनं मूठ छातीशी घट्ट धरली. आवाज म्हणतोय, विकून टाक. हात म्हणतोय, नाही. तिसऱ्यांदाही तेच म्हटलं. समोर कुणी खुर्चीसुद्धा सरकवत नव्हतं.

शेवटी प्रेक्षकांतली एक बाई मोनाचे हात धरून म्हणाली, "आप दोनों ने कितना अभ्यास किया होगा!" ललित मागे वळून हसत होता, बदमाश.

स्कूटरवर मागून माझ्या पाठीवर हलक्या दोन थापा पडल्या. पुन्हा. म्हणजे चूक आता नाटकात राहणार.

बुधवार, ५ फेब्रुवारी

खरं लिहितो, इथे कोण वाचतंय. मला दोन गोष्टींची भीती आहे. एक, मोनाचा आवाज येणारच नाही. दुसरी, आवाज आला की मी पुन्हा दिव्यांपाशी. दुसरीची लाज वाटते. काल विहारात सगळे वंदना म्हणत होते आणि तिचे फक्त ओठ हलत होते. तिच्या सुरावर अख्खं विहार म्हणायचं. तो आवाज परत येऊ दे, मी आयुष्यभर दिवे लावीन. अगदी मनापासून.

बुधवार, १२ फेब्रुवारी

आज दवाखान्यात दाखवायचं होतं. मला सुट्टी मिळाली नाही, प्रियंका घेऊन गेली. संध्याकाळी भाजी चिरता चिरताच म्हणाली, "और एक महिना, जिजाजी. बोलायचं नाही म्हणे." मोना खिडकीबाहेर बघत बसली होती. तिला जवळ घेतलं. म्हटलं, काही बिघडत नाही, मी आहे ना.

रविवार, १६ फेब्रुवारी

शहपुऱ्याच्या शाळेत प्रयोग. मैदानात कुत्री भुंकत होती, तरी आवाज शेवटच्या सतरंजीपर्यंत पोचला! एकही चप्पल आली नाही. येताना चौघांनी टपरीवर गरम भजी खाल्ली. ललित म्हणाला, "भैया, तुम्ही इतके दिवस कुठे लपून राहिले होते?" या तिघांनी मला सांभाळून घेतलं. माझ्याइतका नशीबवान माणूस नसेल.

गुरुवार, २० फेब्रुवारी

ऑफिसातून लवकर सुटलो. गल्लीच्या वळणावर आलो आणि ऐकलं. आमच्या बाल्कनीतून, खाली भाजीच्या ठेल्याकडे —

"भैया, कल भी बासी मेथी पकड़ा दी थी तुमने! रुको, आज मैं खुद देखूँगी."

खणखणीत. जशीच्या तशी मोना.

स्कूटर बंद केली, ढकलत मागे नेली. नाक्यावर चहा घेतला. प्रियंकाचा तो 'और एक महिना' कुणासाठी होता, ते आता कळलं. दुसराही घेतला, कारण डोळे थांबत नव्हते. ठेला निघून गेल्यावर घरी आलो, बेल वाजवली. मोनानं दार उघडलं. घशाला हात लावून मान हलवली, आजही नाही.

मी म्हटलं, राहू दे, घाई नाही.

रविवारी प्रयोग आहे. तिची वाक्यं मी म्हणणार आहे.