सुबक टायपिंगबद्दल आभार

बाबा,

गेल्या महिन्यात मी तुमचं नाव एका भिंतीवर पाहिलं. मेरीलँडच्या किनाऱ्यावर खाडीला लागून एक लहानसं गाव आहे, तिथल्या एका खाजगी म्युझियममध्ये. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेनं ताब्यात घेतलेल्या एका जर्मन जहाजावरची जोडनळ्यांची विमानभेदी तोफ तिथे ठेवली आहे, सदतीस मिलिमीटरची. तुम्ही जिच्यावर एक अख्खं प्रकरण लिहिलंत तीच. तिच्या मागच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत एक वाक्य आहे आणि वाक्याखाली तुमचं नाव. मी बराच वेळ तिथे उभी राहिले. माझ्या लेकीला वाटलं मला भरून आलंय. भरून आलं होतंच, पण तिला वाटलं तसं नाही.

मला हे कळलं आमच्या अ‍ॅशबर्नच्या गणपतीत. आरती झाल्यावर हॉलच्या मागच्या बाजूला सगळे गप्पा मारत उभे असतात, तिथे एक गृहस्थ भेटले. नौदलातून निवृत्त झालेले, मुलाकडे राहायला आलेले, इथे सगळी पोरं त्यांना काका म्हणतात. बोलता बोलता माझं माहेरचं आडनाव निघालं आणि त्यांनी हातातली डिश खाली ठेवली. "म्हणजे तुम्ही सरांच्या कन्या? ताई, मी सरांचा विद्यार्थी. पुण्याला तोफांच्या कोर्सला होतो. अहो, सरांचं नाव इथे अमेरिकेत भिंतीवर लागलंय, माहीत आहे ना?" त्यांनी फोनवर फोटो दाखवला. त्यात नातवाचं डोकं मधे आलं होतं, तुमचं नाव तेवढं वाचता येत होतं. कोणतं वाक्य आहे, मी विचारलं. "तेच की, समुद्राचं आणि आकाशाचं. सर वर्गात दर वर्षी सांगायचे. सांगून जरा थांबायचे. आम्ही लिहून घ्यायचो." लोकांच्या गर्दीत, हातात प्रसादाचा द्रोण धरून, मी हे ऐकलं. तुम्ही ते वर्गात सांगत होता हे मला त्या दिवसापर्यंत माहीत नव्हतं.

तुम्ही मला वाढदिवसाला जर्मन तांत्रिक शब्दकोश आणलात तो दिवस मला आठवतो. मैत्रिणींना त्या वयात साड्या मिळत होत्या आणि मला विटेएवढा जाड शब्दकोश मिळाला, म्हणून मी आठवडाभर हवेत होते. मी कॉलेजात जर्मन घेतलं होतं, ते कवितांसाठी. तुम्हाला लिहायचं होतं दोन महायुद्धांच्या मधल्या काळातल्या जर्मन नौदलाच्या तोफांवर आणि विमानभेदी तोफांवर, आणि तुम्हाला जर्मन येत नव्हतं. एवढी मोठी अडचण, आणि तुम्ही ती कधी अडचण म्हणून बोलून दाखवली नाहीत. "तू नुसतं वाचून दाखव, काय लिहिलंय ते सांग, बाकी मी बघतो," म्हणालात. पहिल्या महिन्यात मी वाचून दाखवत होते. मग लिहून देऊ लागले. मग तुम्ही कॉलेजात शिकवून यायचात तेव्हा इंग्रजीत टाइप केलेली पानं तयार असायची, आणि तुम्ही त्यावर लाल पेन्सिल फिरवायचात.

स्वयंपाकघरातलं टेबल. एका टोकाला आई भाजी निवडते आहे, दुसऱ्या टोकाला मी आणि जुन्या जर्मन मासिकांच्या झेरॉक्स प्रती, मधे तुमचा चहा. तुम्ही खुशीत असलात की तहाची गोष्ट सांगता. पहिलं युद्ध हरलेल्या जर्मनीला तहानं कसं बांधून टाकलं, मोठी जहाजं बांधायची नाहीत, सैन्यानं विमानभेदी तोफा ठेवायच्या नाहीत. आणि तरी त्यांचे इंजिनियर स्वीडनमधल्या कारखान्यात जाऊन बसले, परक्याच्या छपराखाली काम केलं, आणि घरी आलेल्या तोफेला त्यांनी अठरा हा आकडा चिकटवला, बघणाऱ्याला वाटावं की ही जुनीच आहे, युद्ध संपलं त्या सालची. हे सांगताना तुम्ही हसायचात. "काम कुणाच्या नावावर खपलं याला काय किंमत आहे? तोफ उडाली पाहिजे." मीही हसायचे. तेव्हा मला ते फार थोर वाटायचं.

एकदा मी धावत तुमच्या खोलीत आले होते. तोफेच्या नळीच्या आत जी पोकळी असते तिला जर्मन लोक झेले म्हणतात, म्हणजे आत्मा. नळीच्या मधून जाणाऱ्या रेषेला ते आत्म्याची रेषा म्हणतात. मला वाटलं, तुम्ही खुर्चीतून उठाल. तुम्ही मान वर न करता म्हणालात, "बोअर लिही. आपल्याकडे बोअरच म्हणतात."

आणि ते वाक्य. त्या सदतीस मिलिमीटरच्या तोफेची बैठक फार हुशारीनं केलेली होती. जहाज कितीही डोललं तरी आतल्या, तोल सांभाळणाऱ्या जायरोंमुळे नळ्या आपल्या जागी स्थिर राहायच्या. पण गोळा मात्र प्रत्येक वेळी हातानं भरायचा, एक उडाला की दुसरा. तोवर विमान डोक्यावरून निघून गेलेलं. तिच्यावरच्या दहा पानांच्या रुक्ष लेखाचं भाषांतर संपलं आणि मी शेवटी माझं एक वाक्य लिहिलं. लेखात ते नव्हतं. इंग्रजीत होतं, मराठीत सांगायचं तर असं: समुद्राचं या तोफेला सगळं सोसतं, आकाशाचं काहीच सोसत नाही. तुम्ही त्याखाली लाल रेघ ओढलीत. "हे काय? कविता करतेयस? अभियंते वाचणार आहेत हे." मी म्हटलं, राहू दे ना बाबा, एकच आहे. तुम्ही खांदे उडवलेत. राहिलं.

त्याच वर्षी मला जर्मनीला शिकायला जायची शिष्यवृत्ती मिळाली होती. भाषांतर शिकायला, विद्यापीठात. तुम्ही चिडला नाहीत, ओरडला नाहीत. ओरडला असतात तर मी गेले असते. तुम्ही म्हणालात, "पुस्तक अर्ध्यावर आहे. वर्षभर थांब. जर्मनी काय पळून जाते?" जर्मनी पळून गेली नाही. पुढच्या वर्षी शिष्यवृत्ती दुसऱ्या कुणाला तरी मिळाली आणि मला अमेरिकेत नोकरी करणारा नागपूरचा मुलगा सांगून आला. नवरा भला आहे, त्याच्याबद्दल माझी तक्रार नाही. पण जर्मनी मी आजवर एकदाच पाहिली, फ्रँकफर्टच्या विमानतळाच्या काचेतून, विमान बदलताना. पाट्या वाचता येत होत्या. तेवढंच उरलं होतं.

पुस्तक आलं तेव्हा लग्न ठरलेलं होतं. दिल्लीच्या प्रकाशकाकडून पार्सल आलं, आईनं पहिल्या प्रतीला हळदकुंकू लावलं. जेवायला बसायच्या आधी मी प्रस्तावना उघडली. कॉलेजचे प्रमुख, ग्रंथपाल, नकाशे काढणारे ड्राफ्ट्समन, सगळ्यांचे आभार होते. शेवटच्या ओळीत मी होते. "आणि माझ्या मुलीचे, सुबक टायपिंगबद्दल."

"बाबा, टायपिंग?"

"मग काय लिहायचं होतं?"

"भाषांतर तरी."

तुम्ही चष्मा काढलात. "हे बघ, तोफांच्या पुस्तकावर मुलीचं नाव दिसलं तर कोण हात लावेल? म्हणतील, मास्तरनं घरी बसून पोरीकडून लिहून घेतलं."

"घेतलंच ना."

तुम्ही ताटावरून उठलात. आई मला म्हणाली, जेवताना कशाला काढलंस. त्यानंतर तो विषय आपल्या घरात निघाला नाही. मी इकडे आले, तुम्ही गेलात. भावानं फ्लॅट विकला तेव्हा तुमची कपाटंच्या कपाटं रद्दीवाल्यानं नेली. मला फोनवर कळलं. मी म्हटलं, बरं झालं.

म्युझियमला लेक घेऊन गेली, ड्राइव्ह तिनंच केलं. मी त्या तोफेचा स्क्रू न् स्क्रू इंग्रजीत आणला होता, पण तोफ पाहिली ती आयुष्यात पहिल्यांदा. माझ्या कल्पनेपेक्षा लहान होती. राखाडी रंग दिलेला, नळ्यांची तोंडं लोखंडी झाकणांनी बंद, आणि दोन मुलं तिचं चाक फिरवायला बघत होती. तिथली मुख्य बाई चाळिशीची असेल, उत्साही, केस बारीक कापलेले. लेकीनं तिला आधी फोन करून सांगून ठेवलं होतं, त्यामुळे ती आमची वाटच पाहत होती. म्हणाली, या विषयावर पुस्तकं पुष्कळ आहेत, पण इतकं वाचनीय एकच. म्हणाली, "तुमच्या वडिलांचं जर्मन अप्रतिम असणार."

"त्यांना जर्मन येत नव्हतं," मी म्हटलं.

ती हसली, तिला ती नम्रता वाटली. मग मी सगळं सांगितलं, तिथेच, तोफेजवळ उभी राहून. भाषांतर माझं. हे भिंतीवरचं वाक्य तर त्यांचं नाहीच, ते त्यांनी काढायला सांगितलं होतं. माझा आवाज चढला असावा, कारण ती मुलं चाक सोडून आईकडे गेली. बाईनं मला मधे तोडलं नाही. शेवटी विचारलं, हस्तलिखित आहे का? त्यांची कागदपत्रं? त्या काळचं कुणी, ज्यानं पाहिलं होतं? आई गेली, मी म्हटलं. कागद रद्दीत गेले. ती म्हणाली, "माझा तुमच्यावर विश्वास आहे. पण माझा विश्वास बसणं वेगळं आणि भिंतीवर लिहिणं वेगळं." ती वाईट माणूस नव्हती. पुस्तकात जे छापलंय तेवढंच तिच्या हातात होतं, आणि पुस्तकात टायपिंग छापलंय.

परतताना लेकीनं गाडी हायवेला लावली. मग म्हणाली, "मॉम, आय बिलीव्ह यू. बट व्हाय डिडन्ट यू राइट युअर ओन बुक?" तिला वाटतं, इतकं सोपं असतं. मी तिला म्हटलं, मी आयुष्यभर लिहितेच आहे की. एका सॉफ्टवेअर कंपनीची मॅन्युअल लिहिते, त्यावर कुणाचंच नाव नसतं. त्यात निदान न्याय तरी आहे. ती हसली नाही.

तीन आठवड्यांनी त्या बाईंची मेल आली. फार सभ्य मेल होती. वाक्य कुणाचं याबद्दल शंका निर्माण झाल्यामुळे म्युझियमनं ते भिंतीवरून काढायचं ठरवलं आहे. त्या जागी तोफेची लांबी, वजन आणि पल्ला देण्यात येईल. तुमच्या सहकार्याबद्दल आभार. मी ती मेल पुन्हा वाचली. म्हणजे मी तोंड उघडलं आणि ते वाक्य जगातून गेलं. पुस्तक आता कुठे मिळत नाही. तिथे ते निदान लोकांच्या डोळ्यांसमोर होतं, तुमच्या नावाखाली का होईना.

काकांना हे कुठून तरी कळलं. ते मला इंडियन ग्रोसरीच्या दुकानात भेटले, हातात मेथीची जुडी. "ताई, हे तुम्ही करायला नको होतं," म्हणाले. "सर आता उत्तर द्यायला नाहीत."

"होते तेव्हा तरी कुठे देत होते," मी म्हटलं.

त्यांचा चेहरा उतरला. मला वाटलं, ते तसेच निघून जातील. पण ते थांबले, आणि जरा घुटमळून म्हणाले, "मी सहज एकदा सरांना विचारलं होतं, हे वाक्य तुम्हाला सुचलं कसं. सर म्हणाले, सुचलं घरी. एवढंच म्हणाले, आणि फळा पुसायला लागले."

त्या दिवसापासून मी यावर राग काढायचा प्रयत्न करते आहे. सुचलं घरी. खोटं बोलला नाहीत तुम्ही. खरंही सांगितलं नाहीत. म्हणजे तुम्हाला माहीत होतं. मला सांगितलं असतंत तर एका वाक्याचं काम होतं, एका पोस्टकार्डाचं. मी इथे इतकी वर्षं होते, तुमची पत्रं यायची, त्यात हवापाणी असायचं आणि जावयाची तब्येत असायची. वर्गात दर वर्षी नव्या पोरांना ते वाक्य ऐकवायचात, थांबायचात, ती पोरं लिहून घ्यायची. मला तुम्ही एकदाही म्हणाला नाहीत की ते बरं जमलं होतं.

हे सगळं आज लिहून काढलं, स्वयंपाक व्हायचा आहे, कणीक तशीच पडली आहे. हे कुणाला दाखवायचं नाही आणि पाठवायला पत्ता नाही, त्यामुळे एवढं एक लिहिते. ते वाक्य मी अभियंत्यांसाठी लिहिलं नव्हतं, म्युझियमसाठी तर नाहीच. तुम्ही वाचून मान वर करावी म्हणून लिहिलं होतं.