कार्डावर नसलेलं नाव

प्रिय काजल,

फोनवर लिहायला घेतलं की मी पुसत बसते, म्हणून आज कागद घेतला. कागदावर खोडलं तरी खालचं थोडं दिसतं, आणि या वेळी ते दिसलेलंच बरं.

बाबा आणि मी दिल्लीहून येऊन दीड महिना झाला. तुझा फोन नाही, माझाही नाही. तुमचं घर आमच्यापासून तिसरं, पण आत्या हल्ली आमचं दार टाळून मागच्या गल्लीनं गिरणीवर जाते. का, ते तुला माहीत आहे. दिल्लीच्या कलामेळ्यात तुझ्या कामाशेजारच्या कार्डावर तुझं एकटीचं नाव होतं, बाबांचं नव्हतं. सगळ्या आंजी गावानं तो फोटो मोठा करकरून पाहिला आहे.

इथलं बाकी ठीक. मी रोज सिंदी मेघेच्या सेवा केंद्रात जाते, लोकांचे दाखले आणि अर्ज भरते. मॅडम मला हसतात, कारण मी प्रत्येक अर्ज तीनदा तपासते आणि शेवटच्या तारखेच्या दोन दिवस आधी पाठवते. चार वर्षांत माझ्या हातून एकही तारीख चुकलेली नाही. हे मी मिरवायला सांगत नाही. पुढचं वाचताना तुला ते माहीत असावं, एवढंच.

बाबांनी भीमजयंतीचा बल्बांचा बोर्ड करायला घेतला आहे. हात थोडे थरथरतात, पण ड्रिल अजून स्वतःच धरतात. त्यांना प्लायला भोकं पाडताना पाहिलं की मला माझी शाळा आठवते. लहानपणी मला फीट यायची, म्हणून तिसरीपर्यंत घरीच ठेवलं होतं. बल्ब बसवण्याआधी बाबा माझं बोट धरून एकेका भोकातून फिरवायचे आणि अक्षर संपलं की त्याचं नाव विचारायचे. मी वाचायला डोळ्यांच्या आधी बोटानं शिकले. संध्याकाळी तू जिल्हा परिषदेच्या शाळेतून यायचीस, दप्तर फेकायचीस आणि माझ्या शेजारी बसून तीच अक्षरं दुप्पट वेगानं म्हणायचीस. बाबा म्हणायचे, "ही तं रेलगाडी हाय!" मला कधी ते रेलगाडी म्हणाले नाहीत.

आणि ते बटण. त्या वर्षी वस्तीत जे पोर वाचायला शिकलं असेल त्यानं न पेटलेला बोर्ड मोठ्यानं वाचायचा आणि मग बटण दाबायचं, ही आपल्याकडची रीत. सात वर्षांची असताना माझी पाळी होती. मला सगळं येत होतं. पण समोर एवढी माणसं, आणि आता फीट आली तर, एवढाच विचार डोक्यात. जीभ हललीच नाही. तू मागून पुढे आलीस, घडाघडा वाचलंस, बटण दाबलंस. बाबांनी तुला खांद्यावर घेतलं. तू काही वाईट केलं नाहीस, हे मला सातव्या वर्षीही कळत होतं. कळून उपयोग झाला नाही.

नंतर तू नागपूरला शिकलीस, तिथून बडोद्याला गेलीस. मी इथेच राहिले. बाबांची नजर कमी झाली तसं बाराव्या वर्षापासून प्लायवर पेन्सिलीनं अक्षरं मी काढते. ते भोकं पाडतात, तारा जोडतात. लोक म्हणतात, गुलाबरावचा बोर्ड. मलाही तसंच म्हणायची सवय आहे. मागच्या दिवाळीत तू आलीस, माळ्यावरचे जुने बोर्ड खाली काढलेस, त्यांच्यावर पातळ कागद ठेवून अक्षरं गिरवून घेतलीस. चहा मीच करून दिला होता.

दिल्लीचं आता लिहिते, कारण तिथे मी तुझ्याशी चार वाक्यंही धड बोलले नाही. त्या मांडवात मला काही कळत नव्हतं आणि सगळं आवडत होतं. एका बाईनं वाफेवर प्रकाशानं कविता लिहिली होती, वाचून होण्याआधी ती विरायची. एका कोपऱ्यात एक यंत्र लोकांची कुजबुज ऐकून दिवसभर कागदावर लिहीत होतं. मग तुझी अंधारी खोली. चारी बाजूंना टांगलेले प्लायचे बोर्ड, मध्ये एक माइक. आपल्या बोलीतला शब्द आपल्यासारखा उच्चारला तरच तो पेटणार. तू कॉम्प्युटरला वस्तीतल्या माणसांचे आवाज ऐकवून शिकवलं होतंस. महागड्या शालीतल्या बाया माइकपाशी वाकून प्रयत्न करत होत्या, हसत होत्या, आणि अंधार ढिम्म होता. तेवढ्यात बाबा सहज मला म्हणाले, "इतका अंधार काऊन ठेवला वो हिनं?" आणि समोरच्या भिंतीवर 'काऊन' लख्ख पेटलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. बाबा दचकून माझ्यामागे झाले, मग स्वतःच हसायला लागले.

त्या क्षणी मला काय वाटलं, सांगू? त्या सिरीजमधला एक बल्ब जावा. एक गेला की बाबांच्या पद्धतीत अख्खं अक्षर विझतं, आणि तू सिरीज तशीच ठेवली होतीस. मी उभी राहून वाट पाहिली. एकही गेला नाही. मग उजेडात मला 'क' दिसला. पोट जरासं जड, शेपूट आखूड. काजल, तो 'क' मी ओळखते.

बाबांनी चष्मा पुसून कार्ड वाचलं. हळूहळू, शेवटपर्यंत. मग म्हणाले, "बराबर हाय. तिनंच तं केलं." तू पुढे येऊन "जय भीम, मामा" म्हणालीस आणि काही तरी बोलायचं राहिल्यासारखी थांबलीस. तुला वाटत होतं मामा रागावलेत. त्यांना वाटत होतं तू विसरलीस. दोघांच्या मध्ये मी उभी होते, हातात पाण्याची बाटली धरून.

आता तुझ्यापासून लपवलं ते लिहिते. नऊ जानेवारीला तू मला फोनवर मेळ्याचा कागद पाठवलास. 'मूळ कारागीर' या ओळीत बाबांचं नाव, खाली त्यांची दोन वाक्यांत ओळख, सही, पंधरा तारखेपर्यंत. मी तो वरपासून खालपर्यंत वाचला. बाबांसाठी नाही वाचला. माझं नाव शोधत होते. ते कुठेच नव्हतं. मी फोन बाजूला ठेवला आणि कागद बाबांना दाखवलाच नाही. पंधराला दुपारी तू विचारलंस तेव्हा मी लिहिलं, "बाबांना नाव नको आहे." चार शब्द. तुझं उत्तर अजून माझ्या फोनमध्ये आहे, "बरं. मामाले दुसऱ्यांदा विचारनं चांगलं नाई दिसत." मोठ्या माणसाला पुन्हा विचारायचं नाही, हे आपल्या घरचं वळण. मला ते ठाऊक होतं. त्याच्याच भरवशावर मी खोटं बोलले.

मागच्या आठवड्यात गिरणीवर आपल्या वस्तीतल्या नत्थूजींनी चारचौघांत आत्याला विचारलं, "काऊन वो जिजाबाई, तुया पोरीनं मामाची लाइट दिल्लीले नेली अन् मामालेच अंधारात ठेवलं?" आत्या दळण तिथेच टाकून घरी आली. संध्याकाळी बाबा एवढंच म्हणाले, "नाव काई मांगून घ्याची चीज नोहे." आणि भाजी वाढून घेतली नाही.

रविवारी मी त्यांना सांगितलं. ते 'भी'च्या वेलांटीवर ड्रिल धरून बसले होते. त्यांनी ते बंद केलं, बराच वेळ भुसा फुंकत राहिले. मला वाटलं रागावतील. त्यांनी विचारलं, "कागद हाय का अजून?" मी केंद्रातून छापून आणला, वाचून दाखवला, त्यांनी सही केली. मग पुन्हा एकदा वाचायला लावला आणि म्हणाले, "यात तुयं नाव कुठं हाय?" मी म्हटलं, नाही. "अक्षरं कोनं काढली?" मी म्हटलं, मी. "मंग?" मी म्हटलं, तुम्हीच लिहा ना, बाबा, तुमच्या हातानं. तर म्हणाले, "मी नाई लिहिणार. आपलं नाव मांगायची मले लाज वाटे, म्हणून तर हे झालं. तू खोटं बोलली, पयले माफी माग. मंग हक्क माग. दोन्ही एकाच पत्रात लिहिजो, वेगवेगळं नाई."

म्हणून हे पत्र. आत्याला मी काल सगळं सांगून आले. तिनं उठून चहा ठेवला. तिनंच सांगितलं की जुलैत तुझं काम बंगळुरूला एका संग्रहालयात जाणार आहे आणि कार्ड नवं छापणार आहेत. नत्थूजींना गिरणीवर, सगळ्यांच्या समोर सांगायचं बाकी आहे. ते मी उद्या करीन. बाबांचा सही केलेला कागद सोबत ठेवला आहे. काजल, मला माफ कर. हे मी मनापासून लिहिते आहे, आणि तरीही तुझा हेवा गेलेला नाही, हेही खरंच लिहिते. बाबांच्या ओळीखाली मी पट्टीनं आणखी एक ओळ आखली आहे. 'अक्षरलेखन' एवढंच लिहून पुढची जागा कोरी ठेवली आहे. तिथे मला माझं नाव हवं आहे. एवढं सगळं करून वर मागायचा मला हक्क उरला आहे का, ते मला ठरवता आलं नाही, तू ठरव. तुझं उत्तर 'नाही' असलं तर ती ओळ कापून टाक. बाबांची मात्र माझ्यासाठी अडवून ठेवू नकोस.

तुझीच, जशी आहे तशी,
जागृती