नकाशातली मोकळी जागा

१३ फेब्रु.
नगरपरिषदेने हरित आराखडा मंजूर केला. मुख्याधिकारी खुशीत, चहा, बिस्किटं. बाजारामागच्या मैदानावर बाग, सोमवारी २६ला खड्डे खणायला सुरुवात. आराखड्यासाठी मी केलेल्या नकाशात ते मैदान 'मोकळी जागा, वापर नाही'. येताना सहज बघायला गेले, तर पाय ठेवायला जागा नाही. या टोकापासून त्या टोकापर्यंत पऱ्हाटीचे, कापसाच्या वाळल्या काड्यांचे ढीग, माणसापेक्षा उंच.

१४ फेब्रु.
डोकं ठिकाणावर नाही. कॉलेजात दोन तास शिकवले, काय ते आठवत नाही. सर्व्हे ऑगस्टमध्ये केला, कारण विद्यार्थी तेव्हाच मोकळे असतात. तोवर पऱ्हाटी जळून संपलेली, मैदान हिरवंगार. फोटोही छान आले! पुण्याच्या कुणी ही चूक केली असती तर मीच हसले असते. मी इथून जवळच्याच वडनेर भोलजीची. आमची चूल याच काड्यांवर पेटायची. तरी एकालाही विचारलं नाही. लाज वाटते.

१६ फेब्रु.
मैदानावर शकीलाबी भेटली. कापूस वेचायला जाते. शेवटच्या वेचणीनंतर जी बाई पऱ्हाटी उपटून वावर मोकळं करून देते, पऱ्हाटी तिची. इथली रीतच ती. पावसाळ्यापर्यंतचं सरपण. सिलिंडर आहे, त्यावर फक्त पाहुण्यांचा चहा.
"तुमी पाण्यापावसात आल्ता मॅडम, तवा काय दिसन? हे उचललं तं भाकरी कायच्यावर करू?"

२० फेब्रु.
मुख्याधिकाऱ्यांशी वाजलं. म्हणाले, ढीग तसेही हलवायला हवेत, गुलाबी बोंडअळी त्यात दडून राहते. खोटं नाही. यंदा बीटी कापसाचीही बोंडं किडली. चुलतभावाने उभ्या पिकात गुरं सोडली. पण ही अळी साहेबांना नेमकी बागेच्या वेळीच आठवावी? मग म्हणाले, बाग दुसरीकडे कुठे करू, तेवढं सांगा. नकाशा पुन्हा उघडला, दुसरी मोकळी जागा त्यात नाही. मी फार चिडले, बहुतेक स्वतःवरच.

२१ फेब्रु.
विभागप्रमुखांना फोन. नकाशाच्या दुरुस्तीपत्रावर सही मागितली. म्हणे, आपल्या विभागाचं नाव आहे त्यावर, पुढच्या अहवालात बघू. पुढच्या अहवालापर्यंत तिथे कारंजं झालेलं असेल.

२३ फेब्रु.
एकटीच्या सहीने पत्र दिलं. सर्व्हे चुकीच्या दिवसांत झाला, मैदान वापरात आहे, काम थांबवावं. कारकुनाने शिक्का मारून ठेवून घेतलं. साहेब संग्रामपूरला बैठकीला, सोमवारी बघतील. खड्डेही सोमवारीच!

तिथून मैदानावर. शकीलाबी ढीग भावाच्या अंगणात हलवायच्या तयारीत. बैलगाडी ढिगापाशी उभी, आजच्यापुरतीच मिळालेली. पत्राचं सांगितलं.  ती म्हणाली, "मंग गाडी वापस करू काय?"
मला माहीत नाही, हे खरं उत्तर होतं. तोंडातून निघालं, सोमवारपर्यंत थांबा.
 तिने गाडीवाल्याला हात केला, त्याने रिकाम्या गाडीचे बैल वळवले.