जामाच्या झाडावरून पडल्याची परीक्षा

मोठा दवाखाना, हैदराबाद
भाद्रपद वद्य एकादशी (सालाचा घोळ पुढे सविस्तर लिहिला आहे)

तीर्थस्वरूप इंदुताईस,

धाकट्या हिम्मतचा साष्टांग नमस्कार. (डावा हात गळ्यात बांधलाय आणि डोकं हलवायला मनाई आहे, तेव्हा सध्या सहा अंगांचाच पोचता करून घे.) नांदेडला सगळे सुखरूप आहेत ना? तुझे गुडघे काय म्हणतात? गडबडीच्या दिवसांत तुमच्याकडचं काही कळेना, जीव टांगणीला लागला होता. आता गाड्या सुरू झाल्यात असं ऐकतो. पण तू मुळीच येऊ नकोस. मी मजेत आहे.

झालं असं की सरकार पडलं त्याच महिन्यात मीही पडलो, पण माझ्या पडण्यात राजकारण नव्हतं. आपली तारामती माझ्याआधी सवाष्ण गेली, म्हणून तिचं पान अविधवा नवमीला. तिला परसातले जाम किती आवडायचे ते तुला ठाऊक आहे. (तुम्ही पेरू म्हणा, आम्ही जामबाग मोहल्ल्यातली माणसं जामच म्हणणार.) तिच्या पानावर झाडाचाच जाम ठेवावा म्हणून नवमीच्या आदल्या दिवशी चढलो. शेंड्याला एकच पिकलेला होता. हात पोचला, फांदी नाही पोचली. डोळ्यांपुढे तारे चमकले आणि त्यांच्यामागून तारामती म्हणाली, "सांगितलं होतं, या वयात झाडावर नका चढू." (गल्लीत आवई उठलीय की मी झेंडा लावायला चढलो होतो. एक जण हार घालून गेला. मी नाही म्हटलं नाही, मान हलवायला मनाई होती.)

डाव्या खांद्याचं हाड मोडलं, ते बिचारं मुकाट जुळतंय. भानगड डोक्याची. डोक्याला मार लागला की भान राहिलंय का ते सारखं तपासावं लागतं. इथली सिस्टर सत्यवती, बेजवाड्याकडची पोर, येते, डोळ्यांत बॅटरी मारते, बाहुल्या बघते, नाडी धरते, "तात, मेरा हात दबाव, पाँव हिलाव" म्हणते (तात म्हणजे त्यांच्यात आजोबा), आणि मग प्रश्न विचारते. ताई, मी शाळेची पायरी न चढलेला माणूस. अक्षरं शिकलो ती पंचांगावरून आणि दुकानांच्या पाट्यांवरून. जन्मात कधी परीक्षेला बसलो नाही, आणि बसलो ती अशी निजून.

पहिला प्रश्न सोपा, नाव. दुसरा, "ये कौनसा साल?" मी ठणकावून सांगितलं, तेराशे सत्तावन्न. आता आपल्याकडे दफ्तरात, शेतसाऱ्याच्या पावतीत, लग्नपत्रिकेत सरकारी फसली सालच चालतं की नाही? पण ती पडली मद्रास इलाख्यातली. तिने माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी सहाशे वर्षं मागे जाऊन पडलोय. दुपारी परत विचारलं. मी म्हटलं, हिला सरकारी साल चालत नाही, पंचांगातलं सांगू. शके अठराशे सत्तर! तिचा चेहरा उजळला. डॉक्टरांना म्हणाली, सुधारणा आहे, पाचशे वर्षं पुढे आले. शेजारच्या खाटेवर पाय मोडलेले एकनाथराव वकील आहेत, ते हसता हसता प्लास्टरसकट हलले आणि कण्हू लागले. शेवटी त्यांनीच तिला तेलुगूत उलगडा केला आणि मला एकोणीसशे अठ्ठेचाळीस पाठ करून घ्यायला लावलं. तिसरा प्रश्न होता, राज्य कोणाचं. तो डॉक्टरांनी बंद करायला लावला, कारण भानावर असलेल्यांनाही त्याचं उत्तर देता येईना.

बाकी इथे दिवस कसे तरंगत जातात ते कसं सांगू? डोळा लागतो न लागतो, पांढऱ्या चादरी फुगतात आणि खाट गंगेवरच्या होडीसारखी डुलायला लागते, आपल्या नांदेडच्या घाटाखालून. तू काठावर धुणं आपटतेस, मी भिजत नाही. वार्डात कोणी आई गं म्हणतं, कोणी अम्मा, कोणी अम्मी. बाहेर भांडणं होती, इथे सगळे एकाच बाईला हाका मारतायत. आणि पायथ्याशी तारामती बसलेली असते, माझ्या पायावर हात ठेवून. जामाचा वास येतो. पितृपंधरवडाच आहे, तेव्हा तिचं येणं नियमाला धरूनच झालं. सत्यवतीने विचारलं, "घर में कौन है?" मी म्हटलं, आहे की, ही काय. सत्यवतीने पायथ्याकडे पाहिलं, हळूच पांघरूण सारखं केलं, आणि मी पुन्हा नापास.

तरी काळजी नको. सुनांना, नातवंडांना आशीर्वाद. येण्याची दगदग अजिबात करू नकोस.

तुझा हिम्मत

ता. क. पत्र एकनाथरावांच्या मेहुण्याबरोबर पाठवतोय, टपालाचा भरवसा नाही. तो परवा परत यायला निघेल. डब्यात जागा धरून देतो म्हणाला. सहज कळवलं.

आणखी एक. नवमी हुकली, पण सर्वपित्रीला सगळ्यांचं चालतं. तो जाम अजून शेंड्यालाच आहे, शेजारच्या गंगूला राखण करायला सांगितलंय. पान ती वाढेल, पण तारामतीला हाक मारून "जेव गं" म्हणणारं माणूस घरचं लागतं.

शेवटचं. आज सकाळी सगळी उत्तरं बरोबर आली. घरात कोण, म्हटल्यावर खरं तेच सांगितलं, कोणी नाही. तोंडातून निघताना जड गेलं. तर सत्यवती म्हणते, भान आलं, पण आता सोडता येत नाही, अजून चक्कर येते, घरात बघणारं माणूस हवं. म्हणजे तारामती आहे म्हटलं तरी अडकलो, नाही म्हटलं तरी अडकलो. मी जरा विचार केला आणि म्हटलं, थांब पोरी, चुकलं. बहीण आहे, नांदेडची, अमावास्येच्या आत येतेय. ती हसली, म्हणाली, "अब सही बोले, तात."

जन्मात एकच परीक्षा पास झालोय, ताई. उत्तर चुकू देऊ नकोस.