आभाच्या डायरीतल्या सह्या

यवतमाळ, मंगळवार

चि. आभा,

सरकारच्या अप्रेंटिस योजनेत तुझा अर्ज मीच भरला. राळेगावच्या त्या तेल कारखान्याची प्रयोगशाळा मी एकतीस वर्षे सांभाळली, म्हणून तुला शिकवायचे कामही माझ्याकडेच आले. सरकीतून तेल काढायला हेक्झेन नावाचा ज्वालाग्राही द्रव वापरतात. त्याची वाफ जमिनीलगत साचते आणि एका ठिणगीने पेटते. गळती कशी ओळखायची, हा सर्वांत महत्त्वाचा धडा. तो मी तुला शिकवलाच नाही.

तपासणी तोंडावर आली, माझी निवृत्तीही आली, आणि तुझी प्रशिक्षणाची डायरी अर्धी कोरी होती. तिथे सगळेच करतात तसे मी एका बैठकीत सगळ्या पानांवर, सगळे धडे शिकवले म्हणून, सह्या केल्या. नव्या मॅनेजरने त्या खऱ्या मानल्या आणि तुला हेक्झेनच्या विभागात एकटीला उभे केले.

काल तू फोनवर हसत म्हणालीस, "आत्या, पहिल्या दिवशी लय वास येत होता. आता येतच नाही. सवय झाली वाटते मले!"

तो गळतीचा वास गेलेला नाही, आभा. तुझे नाक बधिर झाले आहे. हे ठाऊक असूनही मी "छान" म्हणाले. खरे सांगितले असते, तर माझी सही खोटी ठरली असती.

पत्र पोचायला दोन दिवस लागतील, हे मला कळते. फोन हाताशी आहे. तुझी पाळी दोनला सुरू होते, आणि आत मोबाईल नेऊ देत नाहीत. पावणेदोन वाजले आहेत. मी अजून पत्रच लिहिते आहे.

तुझी आत्या,
मंजुषा